डावा टक्स अर्धा इंच वर

४ ऑगस्ट २०२५, सोमवार. दुकान, दुपारी ३

आजपासून रोज लिहिणार. वही मापांचीच आहे, मागची पानं कोरी होती. कोणी वाचायचा प्रश्न नाही. शेवंतीमावशी हेमिंग आणि हुक-काज उत्तम करते, पण तिला अक्षरओळख नाही. साईनाथ खोपटच्या एसटी डेपोत गाड्या लावतो, तिथलं टाइमटेबल सोडून काही वाचत नाही, नवरा असला तरी.

मुद्दा. माझा पोपटी ब्लाउज डावीकडून बसत नाहीय. टक्सचं, म्हणजे छातीशी घातलेल्या चुणीचं, टोक जिथे यायला हवं त्याच्या अर्धा इंच खाली येतंय. नौपाड्यात बावीस वर्षं ब्लाउज शिवतेय. बाई पायरी चढत असतानाच मला तिचं माप कळतं. तेव्हा माप चुकलेलं नाही. कापड वॉशिंग मशीनमध्ये आटलं असणार. एकाच बाजूने आटलंय हे जरा विचित्र आहे, पण हल्ली कापडाचं काही सांगता येत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

रेकॉर्डसाठी लिहून ठेवते. ऑक्टोबर २०२२ मध्ये कल्याणला मी छातीत इम्प्लांट बसवून घेतले ते हौस म्हणून नाही. धंद्यासाठी. लेडीज टेलरच्या स्वतःच्या अंगावर ब्लाउज दिसला नाही, तर गिऱ्हाईक काय बघून कापड देणार? ठाण्यात नको म्हटलं, कारण नौपाड्यातल्या कुठल्याही दवाखान्यात माझी दोन तरी गिऱ्हाइकं बसलेली असतात.

साईनाथला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, तुला हवं तर कर, मला काय फरक पडतो. त्यातला 'मला काय फरक पडतो' हा भाग मी मनावर घेतलेला नाही.

सासूबाईंना काय सांगणार? आयत्या वेळी तोंडातून गेलं, आई, छातीत साधी गाठ आहे, काढतात आणि दोन दिवसांत घरी पाठवतात. छोटंसं खोटं. कुणाचं काही नुकसान नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

अकरा ब्लाउज उसवले. सगळ्यांचे डावे टक्स अर्धा इंच वर घेतले. आता परफेक्ट. प्रॉब्लेम संपला.

शेवंतीमावशी चष्म्यावरून बघत होती. म्हणाली, बाय, पोलकी उसवून काय व्हनार हाय, आंगाला काय झायलंय ता बघ. तिला म्हटलं, तू काज कर. कामाच्या ठिकाणी पर्सनल बोलणं मला आवडत नाही.

२० ऑगस्ट, बुधवार. सकाळी

डावी बाजू हाताला कडक लागते. उजवी मऊ. डाव्या कुशीवर झोपलं की दुखतं.

कारणं: पर्स डाव्या खांद्याला, इस्त्री डाव्या हाताने सरकवते, पंख्याचा वारा डावीकडून येतो. उपाय: पर्स उजवीकडे, रोज दहा मिनिटं खोबरेल तेलाने मालिश, मशीनची जागा बदलणे. महिनाभरात फरक पडला नाही तर डॉक्टर. पण पडेल.

२४ ऑगस्ट, रविवार

मालिश केल्याने जास्त दुखतं. याचा अर्थ आत काहीतरी हलतंय, म्हणजे बरं होतंय.

टक्स आता पाऊण इंच वर.

१ सप्टेंबर, सोमवार. डोंबिवली, घरी

आज आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य. आई गुहागरकडच्या, त्यांच्या हातची कोळंबी म्हणजे बिल्डिंगमधले लोक निमित्त काढून येतात. सगळ्यांना पोटभर वाढलं आणि स्वतः वरणभात घेऊन बसल्या. वरच्या मजल्यावरच्या ऐश्वर्याने विचारलं, काकू, तुम्ही नाही घेणार? आईंनी सांगितलं, सुनेची गाठ परत येऊ नये म्हणून देवीला बोललेय. पाच वर्षं माशाला शिवणार नाही. तीन होत आली.

ऐश्वर्या मला म्हणाली, तुम्ही किती ब्रेव्ह आहात. मी पदर सारखा केला.

हा नवस त्यांनी २०२२ मध्येच केला, मला न विचारता. तेव्हाच त्यांना थांबवायला हवं होतं. पण तेव्हा मला टाके होते. नंतर लग्नसराई आली. नंतर इतका उशीर झाला की सांगणं बरं दिसलं नसतं.

विसर्जन झालं की सांगणार. नक्की.

९ सप्टेंबर, मंगळवार

सांगितलं नाही. पितृपक्ष लागलाय. अशा दिवसांत घरात कटकट नको.

कल्याणला मात्र जाऊन आले. दवाखान्याच्या जागी दातांचा दवाखाना आहे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आधीचे डॉक्टर कुठे गेले माहीत नाही, पण तुमचे दात आम्ही शुभ्र करून देऊ शकतो. तिला मी सांगितलं की मला दातांचा काही त्रास नाही. रिक्षात बसल्यावर थोडं रडू आलं. धुळीमुळे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी

ठाण्यातल्याच एका प्लास्टिक सर्जन बाईंकडे गेले. डॉ. बियांका डाबरे, वसईकडच्या. स्वच्छ मराठी बोलतात, त्यामुळे मला पळवाट राहिली नाही. त्यांनी इम्प्लांटचं कार्ड मागितलं. ते या वहीतच सापडलं. मागच्या बाजूला 'बाही ९, मुंढा १६, गळा मटका' लिहिलेलं होतं. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या.

एमआरआय झाला. बाहेरची वस्तू आत आली की शरीर तिच्याभोवती पातळ आवरण तयार करतं, म्हणाल्या. माझं डावीकडचं आवरण आकसलंय, त्यामुळे सगळं वर ओढलं गेलंय. आतल्या पिशवीलाही चीर गेली आहे. आवरण आणि पिशवी, दोन्ही काढावं लागेल.

मला लगेच समजलं. अस्तर न भिजवता लावलं की पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड गोळा होतं. मी त्यांना विचारलं, मग अस्तर उसवून दुसरं लावता येईल ना? त्या म्हणाल्या, तुम्ही ब्लाउज नाही आहात. आणि लांबवू नका.

बोलण्याची पद्धत जरा तुसडी आहे. पण मापात हुशार वाटतात.

१३ सप्टेंबर, शनिवार

ऑपरेशन नवरात्रानंतर. त्याआधी शक्यच नाही. नऊ रंगांचे ब्लाउज, एकेका बाईचे नऊ, आणि सगळ्यांना घटस्थापनेच्या आदल्या दिवशी हवेत.

खरी अडचण वेगळी आहे. ऑपरेशन म्हणजे हॉस्पिटल, हॉस्पिटल म्हणजे आईंना कारण. गाठ परत आली म्हटलं, तर त्या हाय खातील. वर त्यांना वाटणार, देवीने ऐकलं नाही. खरं सांगितलं, तर त्यांचे तीन वर्षांचे मासे मी कुठून परत आणून देऊ? ज्या बाईला सुकटीशिवाय पेज जात नव्हती ती तीन वर्षं पापड मोडून खातेय. काहीतरी मार्ग काढेन. मी नेहमी काढते.

२४ सप्टेंबर, बुधवार

सगळं ठीक. टक्स एक इंच वर. वरून ओढणी घेते. फॅशन समजतील.

२९ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७

डावी बाजू सुजली. काल नव्हती. टेप लावला, दोन बाजूंत दोन इंचांचा फरक. टेप जुना आहे, ताणला असेल म्हणून दुसरा लावला. दोन इंच. दुकानात जाऊन कोरा टेप फोडला.

दोन इंच.

३० सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं. बाटली लॅबला पाठवली. मी विचारलं, पाण्यात काय बघणार? त्या म्हणाल्या, इम्प्लांटभोवती इतक्या उशिरा पाणी साचलं की तपासावंच लागतं, क्वचित एका प्रकारचा कॅन्सर असू शकतो. शक्यता खूप कमी आहे. पण तीन महिने आधी यायला हवं होतं.

मी त्यांना सांगितलं की तीन महिन्यांपूर्वी सीझन होता.

बाहेर बाकावर बसून राहिले. तीन वर्षांपूर्वी गाठ म्हटलं तेव्हा माझ्या मनात गाठ या शब्दाला काही वजनच नव्हतं. लोक पोट बिघडलं म्हणतात तसा म्हटला. आज तो माझ्याच नावाच्या बाटलीवर चिकटलाय. मला भीती वाटतेय. लिहून ठेवते, कारण बोलणार कुणाशी? साईनाथला फोन केला तर मागे गाड्या लागत होत्या. तो म्हणाला, होईल गं बरं, घरी येऊन बोलू. घरी आल्यावर आई समोर होत्या.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

मशीनची पूजा केली. कात्रीला हळद-कुंकू लावलं. कुंकू टेपवर सांडलं. आईंनी पुसून दिलं. म्हणाल्या, काय गो, चेहरा का उतरलाय? मी म्हटलं, नऊ रंगांनी दमवलं. रिपोर्ट काहीही येवो, आल्या दिवशी आईंना सगळं सांगणार. शपथ घेतलीय, मशीनवर हात ठेवून.

६ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी १

रिपोर्ट क्लीन. कॅन्सर नाही.

मला माहीतच होतं. उगाच माणसाला घाबरवतात.

डॉक्टरांना म्हटलं, आता काढताच आहात तर नवीन घाला, एक साइज कमी. मी तडजोडीला तयार आहे. त्या म्हणाल्या, डावीकडची कातडी पातळ झालीय, झेपणार नाही, दोन्ही काढायचे आणि तसंच ठेवायचं. मी म्हटलं, सध्यापुरतं. त्यांनी फॉर्म पुढे केला.

शपथेचं: क्लीन आला म्हटल्यावर आता सांगायची तशी निकड नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

आईंना सांगितलं, कापड खरेदीला सुरतेला चाललेय, तीन-चार दिवस. आई म्हणाल्या, दिवाळीच्या तोंडावर दुकान टाकून? मी म्हटलं, होलसेलमध्ये ऑफर आहे. मग म्हणाल्या, येताना परकराचं पांढरं कापड आण, चांगलं जाड. प्लॅन एकदम फिट बसलाय, कुठे सुरकुती नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. हॉस्पिटल

काल ऑपरेशन झालं. तीन तास. दोन्ही बगलांतून नळ्या, त्यांना बाटल्या. अक्षर वाकडं येतंय.

सकाळी अकराला आई दारात. हातात डबा. साईनाथने सांगून टाकलं. मी त्याला विचारलं, का? तो म्हणाला, आईने विचारलं सुरतेची गाडी किती वाजता पोचली, मला खोटं बोलता येत नाही. हा माणूस रोज शंभर प्रवाशांना सांगतो की गाडी दहा मिनिटांत लागेल.

आई खुर्ची ओढून बसल्या. बाटल्यांकडे बघितलं. कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, परत आली ना गो?

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे. शिवाय मला भूल पूर्ण उतरलेली नव्हती.

मग त्यांनी मऊ भात भरवला. मध्येच विचारलं, खूप दुखतं का, कापताना कळतं का काही, किती दिवसांत उठता येतं. सगळं बारकाईने विचारत होत्या. मी त्यांना धीर दिला. म्हटलं, काही नसतं आई, गाठ म्हणजे एवढं घाबरण्यासारखं काही नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. घरी

नळ्या काढल्या. आंघोळीच्या आधी आरशात पाहिलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधीसारखं होणार नाही. मला वाटलं, डॉक्टर लोक सावध बोलतात. डावीकडे कातडी सैल होऊन आत गेलीय, खाली टाक्यांची रेघ. आधी होतं तेही राहिलेलं नाही. मी कुठल्याही गिऱ्हाइकाला कापड असं परत दिलं नसतं.

आज खरं लिहिते. धंद्यासाठी नव्हतं. चाळिशी उलटली होती आणि साईनाथने एकदा तरी मान वर करून बघावं, एवढ्यासाठी केलं. त्याने बघितलं. म्हणाला, छान. आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मी तीन वर्षं त्या 'छान'वर काढली.

आता आईंचं. त्या बाहेर जप करतायत, माझ्यासाठी. मला त्या माळेचा आवाज सहन होत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

काय बोलायचं ते लिहून पाठ केलं: आई, रागवा, पण ऐका. मला गाठ कधीच नव्हती. मी छाती मोठी करून घेतली होती, ती बिघडली. तुम्ही मासे खा.

शेवटचं वाक्य हलकं वाटतं. 'तुम्ही आता नवस सोडा' असं करते. उद्या.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

उद्या म्हणता म्हणता पाच दिवस झाले. शुक्रवारी त्यांचं डोकं दुखत होतं. शनिवारी पाहुणे. रविवारी मी बोलायला तोंड उघडलं आणि त्या म्हणाल्या, तू बरी झालीस, माझं सोनं झालं. त्यावर कसं सांगणार? काल त्या दुपारीही झोपून होत्या. हल्ली बऱ्याचदा झोपतात. वय.

दुकानात शेवंतीमावशीला मात्र सांगून टाकलं, सगळं. ती दोरा तोडत म्हणाली, मना म्हाईत व्हता. मना कनाला सांगतंस, घरान सांग.

३ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी

आज दुकान बंद ठेवलं. साईनाथ ड्यूटीवर. घरात दोघीच. चहा केला, समोर बसले, म्हटलं, आई, रागवा, पण ऐका.

त्या म्हणाल्या, थांब, आधी माझं ऐक. मग पदर बाजूला करून माझा हात धरला आणि स्वतःच्या उजव्या छातीवर ठेवला.

होळीपासून आहे, म्हणाल्या. आधी वाटाण्याएवढी होती. आता हात वर केला की ओढ लागते. मी विचारलं, बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, तुझी होती ना, दोन दिवसांत घरी आलीस, चौथ्या दिवशी मशीनवर बसलीस, म्हटलं एवढं काय त्यात. देवीला सांगितलं, आहे त्याच नवसात माझीपण धर, वेगळं काय सोडू, मासे तर सोडलेलेच आहेत. तुझी परत येत नव्हती तोवर मला वाटलं, नवस लागू पडतोय. मग तुझी परत आली. म्हटलं, आधी तुझं होऊ दे. घरातल्या दोघी एकदम आडव्या पडल्या तर साईनाथच्या डब्याचं कोण बघणार? आता तू उठलीस. आता मला तुझ्या त्या डॉक्टरकडे ने.

माझा हात तिथेच होता. खालचं कडक होतं, हाताखाली सरकत नव्हतं.

मी पाठ केलेलं काही बोलले नाही. म्हटलं, परवाची अपॉइंटमेंट घेते.

५ नोव्हेंबर, बुधवार

डॉ. डाबरेंनी आईंना विचारलं, इतके महिने का थांबलात? आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, हिलापण होती ना, तशीच आहे. हिची काढलीत, माझीपण काढा. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे माझी फाइल आहे. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, आई, मला गाठ नव्हती. कधीच नव्हती. आणि पुढचंही सांगितलं, उभ्या उभ्या, पाठ केलेल्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

आई रागावल्या नाहीत. त्यांनी पिशवीचे बंद हातात धरले. मग विचारलं, मग मी तीन वर्षं देवीला काय सांगत होते? एरवी मला काहीतरी सुचतं.

मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा घेतला. मी बरोबर आत येते म्हटलं, तर आई म्हणाल्या, नको, बस तू. डॉक्टरांनी बाहेर येऊन मला बाजूला घेतलं. काखेतही एक लागतेय, म्हणाल्या. तुकड्याचा रिपोर्ट आठ दिवसांनी. पण मला ऑन्कोलॉजिस्टचं नाव आजच लिहून दिलं.

सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलंय, ३.८ सेंटिमीटर. मी ते इंचात केलं. दीड इंच.

आईंचे ब्लाउज बावीस वर्षं मीच शिवतेय. त्यांचा एक जुना ब्लाउज नमुन्याला ठेवलाय, त्यावरून कापते. त्यांच्या अंगाला टेप मी शेवटचा २००९ मध्ये लावला.